ओट्सची पेज आणि तोंडाची चव

आपल्या वार्षिकात साहित्य, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय हाताळले जातात. त्या पंक्तीत वाटीभर बेचव पेजेचा पाट मांडणे काही वाचकांना, विशेषतः प्राध्यापकवर्गाला, जरा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या विषयाने आमच्या घरातील शांतता तब्बल दोन महिने भंग केली होती, तो क्षुल्लक आहे असे मानायला माझे मन तयार नाही. शिवाय आज आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, कोणाचे वडील, कोणाची आत्या, कोणाचे आजोबा सकाळी नाक मुरडत हीच वाटी रिकामी करीत असतील. त्यांच्यासाठी आणि त्यांना ती वाटी देणाऱ्यांसाठी हा लेखनप्रपंच.

हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या रक्ततपासणीत साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज चालायला सांगितले आणि नाश्त्याला ओट्स घेत जा, असा सल्ला दिला. आईने त्याच संध्याकाळी पुडा आणला. दुसऱ्या दिवशी ओट्स दुधात शिजवून तिने वाटी बाबांपुढे ठेवली. साखर घालायची नव्हती म्हणून घातली नव्हती, आणि दुधात मीठ कोण घालणार? बाबांनी एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, "अगं, ही पतंगाची खळ आहे की काय?" आई म्हणाली, "अहो, औषध समजून घ्या."

औषध समजून त्यांनी चार दिवस ती खाल्ली. पाचव्या दिवसापासून ते सकाळी जरा लवकर बाहेर पडू लागले. पुढे कळले की एस. टी. स्टँडजवळच्या गाडीवर त्यांचा वडापाव ठरलेला होता. आईला हे कळले तेव्हा घरात जे झाले त्याचे वर्णन येथे नको. मग तडजोड म्हणून फळांच्या स्वादाची, तयार गोड ओट्सची पाकिटे आली. ती बाबांना आवडली. पण मी सुट्टीत घरी गेले तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचली. त्यावरील घटकांच्या यादीत, वजनाने जे जास्त ते आधी या क्रमाने, ओट्सच्या लगेच खाली साखर होती! म्हणजे साखर टाळण्यासाठी आणलेली वस्तू आम्ही साखरेसकट खात होतो.

ही कोंडी आजीने फोडली. आजी मूळची मालवणकडची. तिने भांड्यात डोकावून पाहिले आणि बाबांना म्हणाली, "अरे, ही तर पेज मां! पेजेत साखर कोण घालता?"

या एका प्रश्नात या लेखाचे सगळे सार आहे. ओट्सची लापशी आपल्याकडे खिरीचे सोंग घेऊन आली, म्हणून ती फसली. तिला पेज समजून वागवले तर तिच्यासाठी लागणारे सर्व काही आपल्या फडताळात आधीपासूनच आहे. मात्र हे पटण्यासाठी ओट्स मुळात कोठले, त्यांत काय असते आणि ते बेचव का लागतात, हे आधी पाहिले पाहिजे.

घोड्यांचे धान्य, माणसांचे धान्य

ओट हे गवतवर्गातील तृणधान्य. त्याचे शास्त्रीय नाव आवेना सटायव्हा. उत्तर भारतात त्याला जई म्हणतात आणि तेथे ते मुख्यतः जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात. थंड व ओल्या हवेत, जेथे गहू नीट पिकत नाही तेथे ओट उत्तम येते. त्यामुळे स्कॉटलंडच्या गरीब शेतकऱ्याचे ते शतकानुशतके मुख्य अन्न होते. इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शब्दकोशात या धान्याची व्याख्या करताना, इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात यावर माणसे जगतात, अशा अर्थाचा चिमटा काढला होता. त्यावर एका स्कॉटिश गृहस्थाने, म्हणूनच इंग्लंडचे घोडे नामांकित आणि स्कॉटलंडची माणसे नामांकित, असा परतफेडीचा टोला दिल्याची आख्यायिका सांगतात.

आपणां विद्यार्थ्यांना अधिक जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. स्कॉटलंडमधील जुन्या विद्यापीठांत सत्राच्या मध्ये एका सोमवारी सुट्टी असे. तिचे नाव 'मील मंडे', म्हणजे पिठाचा सोमवार. गरीब विद्यार्थी घरून येताना ओटच्या पिठाचे पोते आणीत आणि त्यावरच दिवस काढीत. पोते संपले की घरी जाऊन ते पुन्हा भरून आणता यावे म्हणून ही सुट्टी, असे परंपरेने सांगितले जाते. गावाहून येताना भाकरीचे पीठ, चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू बांधून आणणाऱ्या आपल्या वसतिगृहातील मंडळींना या स्कॉटिश विद्यार्थ्यांशी आपले काही नाते आहे असे वाटल्यावाचून राहणार नाही.

हे धान्य पुडक्यात घालून, नाव व चित्र लावून विकण्याचा उद्योग मात्र अमेरिकेतला. तेथे ओहायो राज्यात १८७७ साली क्वेकर हे व्यापारचिन्ह नोंदवले गेले आणि घोड्यांचे म्हणून हिणवलेले धान्य शहरी न्याहारीच्या टेबलावर चढले. आपल्या किराणा दुकानांतला पुडा हा त्या वाटेने आलेला पाहुणा आहे. तो येताना दूध-साखरेची सवयही बरोबर घेऊन आला.

पुड्यात काय असते

ओटच्या दाण्यावर कठीण टरफल असते, ते काढून टाकतात. दाण्यात इतर तृणधान्यांच्या मानाने स्निग्धांश बराच असल्याने आणि तो नासवणारे विकर दाण्यातच असल्याने ते लवकर खवट होण्याचा धोका असतो. म्हणून दाण्यांना वाफ व उष्णता देऊन ते विकर निकामी करतात. पुढे या दाण्याचे तीन प्रकार होतात. पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकडे केले की जाड कण्या मिळतात. त्या शिजायला पंचवीस-तीस मिनिटे लागतात. दाणे वाफवून रुळांखाली चपटे केले की आपल्या पोह्यांसारखे दिसणारे ओट्स होतात आणि ते पाच-सात मिनिटांत शिजतात. आणखी पातळ चपटे करून, आधीच शिजवून वाळवले की 'झटपट' ओट्स होतात आणि ते गरम पाण्यातच फुलतात. दाणा जितका अधिक फोडला-शिजवला, तितका तो लवकर पचतो आणि रक्तातील साखर तितकी भरभर वाढते. म्हणून मधुमेही व्यक्तीसाठी कण्या किंवा साधे जाड पोहे बरे.

सुमारे ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये, म्हणजे आपल्या सपाट पाऊण वाटीत, साधारण १५० कॅलरी उष्मांक, ५ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम तंतू असतात. या तंतूंपैकी जवळजवळ निम्मा भाग बीटा-ग्लुकॅन नावाच्या विद्राव्य तंतूचा असतो. ओट्सची कीर्ती आहे ती या पदार्थामुळे. तो पाण्यात विरघळून बुळबुळीत, दाट द्रव बनतो. आतड्यात अन्नाला वेढून तो पचनाची गती मंद करतो. पित्तातील आम्लांनाही तो धरून ठेवतो व शरीराबाहेर नेतो. ही पित्ताम्ले पुन्हा तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते आणि त्यामुळे ते काहीसे उतरते. यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात जावे लागते. १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच प्रमाणाच्या आधारे ओट्सच्या पुड्यावर हृदयाच्या आरोग्याविषयी विधान छापण्यास परवानगी दिली. हे ३ ग्रॅम मिळवायचे तर एका वाटीने भागत नाही. शिवाय उतार होतो तो माफकच. ओट्स हे गोळ्यांना पर्याय नव्हेत, जोड आहेत, हे येथेच स्पष्ट केलेले बरे.

आता गंमत पाहा. बाबांना ज्याचा वीट आला होता तो खळीसारखा चिकटपणा हाच या अन्नाचा मुख्य गुण! तो काढून टाकता येत नाही आणि टाकूही नये. त्याला सुसह्य करणारे सोबती मात्र देता येतात. आजी जन्मभर पेजेबरोबर हेच करीत आली होती.

बेचवपणा कमी करण्याचे साधे उपाय

चव म्हणजे केवळ साखर नव्हे. जिभेला खारट, आंबट, तिखट हवे असते, नाकाला वास हवा असतो आणि दातांना काहीतरी चावायला हवे असते. साध्या लापशीत या सर्वांचा अभाव असतो. म्हणून वरून काही घालण्याआधी शिजवण्यातच पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट भाजणे. कोरड्या कढईत मंद आचेवर ओट्स चार-पाच मिनिटे परतावेत. रव्यासारखा खमंग वास सुटला की उतरावेत. भाजताना धान्यातील साखर व प्रथिने यांचा संयोग होऊन सुवास निर्माण होतो. पीठ भाजल्याशिवाय लाडू नाही, हे ज्या घरात माहीत आहे तेथे हे वेगळे सांगायला नको. एकदम आठवड्याचे भाजून डब्यात भरून ठेवले तरी चालते.

दुसरी गोष्ट मीठ. स्कॉटलंडमधील परंपरागत लापशीत ओट, पाणी आणि मीठ या तीनच वस्तू असतात. मिठाची चिमूट कडवटपणा दाबते आणि धान्याची मूळ गोडी पुढे आणते. गोड चवीच्या लापशीतही ती चिमूट हवीच.

तिसरी गोष्ट पाणी. ओट्स थंड पाण्यात घालून ढवळत शिजवले तर लापशी एकजीव, मऊ होते. उकळत्या पाण्यात सोडून फारसे न ढवळता शिजवले तर दाणे सुटे राहतात. दाट लापशीसाठी एका वाटीला दोन वाट्या आणि पेजेसाठी तीन-साडेतीन वाट्या पाणी घ्यावे. ज्यांना चिकटपणा अगदीच सोसत नाही त्यांनी भाजलेले ओट्स, कमी पाणी आणि भरपूर भाज्या घेऊन उपमा करावा.

पंक्तीला बसल्यासारखी एक आठवण येथे वाढते. स्कॉटिश लोक लापशीवर साय ओतीत नसत. साईची किंवा दुधाची वाटी वेगळी ठेवून लापशीचा प्रत्येक गरम चमचा तीत बुडवून खाण्याची त्यांची रीत होती. गरम आणि गार, सपक आणि चवदार यांची गाठ दर घासाला नव्याने पडते. गरम भातावर आयत्या वेळी दही घेणाऱ्या माणसाला यातले मर्म सहज कळेल.

गोडाची वाट

गोड नकोच असे माझे म्हणणे नाही. पण गोडाचा हिशेब ठेवला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि पाच टक्क्यांहून कमी ठेवली तर अधिक चांगले. पाच टक्के म्हणजे प्रौढ माणसाला सुमारे २५ ग्रॅम, जेमतेम सहा लहान चमचे. चहातच तीन-चार चमचे गेल्यावर लापशीच्या वाट्याला काय उरणार?

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. साखरेऐवजी गूळ, काकवी किंवा मध घातला की झाले आरोग्यदायी, असे अनेक सुशिक्षित घरांतूनही मानले जाते. गुळाला स्वतःचा स्वाद आहे, थोडी खनिजेही आहेत. परंतु गूळ काय किंवा मध काय, त्यांतील फार मोठा भाग साखरेचाच असतो. मधुमेही माणसाच्या रक्ताला तो गूळ सेंद्रिय होता की नाही याच्याशी काही कर्तव्य नसते.

मग गोडी कोठून आणावी? अख्ख्या फळांतून. या बाबतीत स्वित्झर्लंडमधील झूरिच येथील डॉ. बिर्खर-बेनर यांचे उदाहरण बोलके आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी आपल्या रुग्णांसाठी जो पदार्थ रूढ केला, तो आज मुसली या नावाने जगभर विकला जातो. त्यांच्या मूळ कृतीत ओट्स होते फक्त एक मोठा चमचा, रात्रभर भिजवलेले. मुख्य वस्तू होती सालीसकट किसलेले एक मोठे सफरचंद. जोडीला लिंबाचा रस, थोडे आटवलेले गोड दूध आणि कुटलेला सुकामेवा. म्हणजे ती खरे तर फळाची वाटी होती आणि ओट्स तिच्यात पाहुणे होते. आजच्या पाकिटांत नेमके उलटे झाले आहे.

आपल्याकडे सफरचंद रोज परवडेलच असे नाही. परंतु पिकलेले केळे कुस्करून शिजताना घातले तर एका वाटीला पुरेशी गोडी येते. पेरू, पपई, चिकू, हंगामात सीताफळाचा गर, किसलेले गाजर, हे सर्व चालते. गाजर ओट्सबरोबरच शिजवावे, बाकीची फळे उतरवल्यावर घालावीत. दोन खजूर बारीक चिरून घातले तरी चालतील. त्यांतही साखर भरपूर असते, म्हणून दोनच. मधुमेह असलेल्यांनी केळे, चिकू, सीताफळ यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वासाचे काम वेलची, जायफळ, दालचिनी आणि सुंठ करतात. हे वास आपण जन्मापासून गोड पदार्थांतच घेत आलो असल्यामुळे नुसत्या वासानेही पदार्थ आहे त्यापेक्षा गोड भासतो. श्रीखंडातील जायफळ आठवावे! दातांचे काम भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, तीळ, बदामाचे काप किंवा भोपळ्याच्या बिया करतात. त्यातून चांगले स्निग्धांश व प्रथिनेही मिळतात. मात्र वाटीला एक मोठा चमचा पुरे.

तिखटमिठाची वाट

आमच्या घरी जी वाट लागू पडली ती ही. आजीने पहिल्या दिवशी ओट्स पाण्यात, मीठ घालून, पातळसर शिजवले, वर अर्धा चमचा तूप सोडले आणि बाजूला लिंबाच्या लोणच्याची एक फोड ठेवली. बाबांनी वाटी संपवली. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी गाडीवर गेले नाहीत. पुढे आठवडाभर आजी आणि आई यांनी मिळून जे प्रयोग केले त्यांतील निवडक येथे देते.

मेतकूट ओट्स. मऊ भातासारखे दाटसर शिजवून वर तूप आणि एक मोठा चमचा मेतकूट. मेतकुटात भाजलेल्या डाळी असतात. तृणधान्यांत लायसिन हे प्रथिनांचे एक घटकद्रव्य कमी पडते आणि डाळी ती उणीव भरून काढतात. त्यामुळे चवीबरोबर पोषणही सुधारते. हिंग, सुंठ, मेथी यांचा वास येतो तो वेगळाच.

ताकातले ओट्स. पाण्यात शिजवून कोमट होऊ द्यावेत, मग ताजे ताक घालावे. उकळत असताना ताक घातले तर ते फुटते. वरून तेल किंवा तुपाची फोडणी द्यावी : जिरे, हिंग, कढीलिंब, एक हिरवी मिरची, ठेचलेली लसणाची पाकळी. मसाल्यांचे सुवास बहुतांशी स्निग्धांशात विरघळतात. त्यामुळे एक चमचा फोडणीने सबंध भांडे घमघमते, जास्त तेल लागत नाही. आंबटपणाने बुळबुळीतपणा जाणवेनासा होतो. आंबिलीशी याचे नाते उघड आहे. स्कॉटलंडमध्येही ओटच्या कोंड्याला चिकटलेले पीठ पाण्यात कित्येक दिवस आंबवून 'सोवन्स' नावाची आंबट पेज करीत. दूरच्या दोन मुलखांतील गरिबांनी एकच युक्ती शोधून काढावी, ही गोष्ट मला फार लोभस वाटते.

चटणी ओट्स. जवसाची, कारळ्याची किंवा तिळाची कोरडी चटणी एक चमचा. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच जातात, म्हणून भाजून कुटलेलेच घ्यावेत. कारळ्याची चटणी आणि वर कच्चा कांदा, हा प्रकार बाबांचा विशेष आवडता ठरला.

भाजी-डाळ घालून. मूठभर भिजवलेली मूगडाळ आधी शिजवून तीत ओट्स, चिरलेला पालक किंवा मेथी, किसलेला दुधी, टोमॅटो घालावा. उतरवल्यावर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळींतील लोह अंगी लागण्यास मदत होते. कोकणी तऱ्हेने आमसुलाचे दोन तुकडे घातले तरी झकास.

फक्त एक पथ्य. लोणचे, चटणी, मेतकूट, ताक या सर्वांत मीठ असते. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून सोबतीला खारट असेल तर पेजेत मीठ कमी घालावे. रक्तदाब असणाऱ्यांनी लोणच्याऐवजी लिंबू, आले, लसूण, जिरे यांवर भर द्यावा.

वसतिगृहातील मित्रमैत्रिणींसाठी

खोलीवर शेगडी पेटवायची परवानगी नसते आणि सकाळच्या पहिल्या तासाला न्याहारी बुडते, ही आपली नेहमीची तक्रार. स्कॉटलंडमधील गुराखी आणि मजूर 'ब्रोज' नावाचा प्रकार करीत : वाडग्यात ओटचे पीठ घेऊन वर उकळते पाणी ओतायचे, ढवळायचे आणि खायचे. आपणही हे करू शकतो. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात पाऊण वाटी घरून भाजून आणलेले ओट्स, चिमूटभर मीठ आणि एक चमचा मेतकूट किंवा शेंगदाण्याची चटणी घ्यावी. मेसमधून दीड वाटी उकळते पाणी आणून ओतावे, झाकण लावून दहा मिनिटे टॉवेलात गुंडाळून ठेवावे. तोवर अंघोळ उरकते. याच्या सोबतीला एक केळे खाल्ले की दुपारपर्यंत पोट तक्रार करीत नाही. मी गेले वर्षभर हे करीत आहे आणि माझ्या खोलीतील दोघी आता आपापले डबे घेऊन माझ्या शेजारी बसतात.

ओट्सच हवेत का?

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. ओट्स आपल्या ज्वारी-नाचणीपेक्षा महाग पडतात. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. जव या धान्यातही बीटा-ग्लुकॅन असते. नाचणीत दर १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून खाण्याची पद्धत आपल्या देशावर जुनीच आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा या धान्यांचा पुष्कळ गौरव झाला. तो गौरव ताटात उतरला पाहिजे. वर सांगितलेले सर्व सोबती या धान्यांच्या पेजेलाही तितकेच शोभतात. म्हणून एक दिवस ओट्स, एक दिवस नाचणी, एक दिवस कण्या, असा फेर धरावा, हे उत्तम.

काही सूचना द्यायलाच हव्यात. ज्यांना तंतूंची सवय नाही त्यांनी थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी आणि पाणी भरपूर प्यावे, अन्यथा पोट फुगते. ज्यांना गव्हातील ग्लुटेन सोसत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ओट्स खाऊ नयेत, कारण गिरणीत त्यांत गहू मिसळण्याचा संभव असतो. आणि कोणीही, हा लेख वाचून तर मुळीच, आपल्या गोळ्या बंद करू नयेत.

शेवटी

बाबांचे पुढचे अहवाल पहिल्यापेक्षा बरे आले. त्यात गोळ्यांचा वाटा किती, चालण्याचा किती, बंद झालेल्या वडापावचा किती आणि पेजेचा किती, हे सांगणे मला शक्य नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. जे पथ्य शिक्षा म्हणून वाट्याला आले, ते चार दिवस टिकले. जे जेवण म्हणून पानात आले, ते आज दोन वर्षे टिकले आहे. आजारी माणसाच्या तोंडाच्या चवीचा विचार करणे म्हणजे त्याचे लाड करणे नव्हे. तो त्याच्या औषधोपचाराचाच एक भाग आहे.

परवा घरी फोन केला तेव्हा आईने तक्रारीच्या सुरात सांगितले की कारळ्याची चटणी संपली आहे आणि बाबा सकाळपासून फुरंगटून बसले आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या भांडणापेक्षा हे भांडण मला पुष्कळच बरे वाटले.